उपजीविका ते अन्न : कल्याणकारी हक्कांची न्यायालयीन वाटचाल

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. तथापि मुंबईतील पदपथवासीयांना हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. तत्त्व मान्य झाले, निवाऱ्याची सार्वत्रिक हमी मिळाली नाही. शासकीय गोदामे धान्याने भरलेली असताना दुष्काळग्रस्त राजस्थानात उपासमार का, हा प्रश्न पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये याच न्यायालयापुढे मांडला. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने प्राथमिक शाळांत शिजवलेले मध्यान्ह भोजन बंधनकारक केले आणि अन्नविषयक योजनांचे लाभ कायदेशीर हक्क ठरविले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याची पूर्वपीठिका येथे आढळते. हक्काच्या घोषणेस अंमलबजावणीच्या आदेशांची जोड मिळाली, हाच या दोन खटल्यांतील मूलभूत फरक होय.