केसरीचा आणि जत्रेचा

कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास जिंकणाऱ्यांच्या नावांनी लिहिला जातो. १९०२ च्या विलायत दौऱ्यात शाहू महाराजांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि त्याच धर्तीवर १९१२ मध्ये खासबागचं कुस्ती मैदान तयार झालं. १९५९ ला श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी, पुढच्याच वर्षी गणपत आंदळकर. १९६१ ला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली आणि विजेत्याला मिळणाऱ्या गदेच्या ओढीनं खेड्यापाड्यातली पोरं वळकट्या घेऊन गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरीसारख्या तालमी गाठू लागली. पुढं मीही त्याच वाटेनं आलो.

गदा वर्षाला एकालाच. उरलेल्यांचं काय करायचं, हे वस्तादांना ठाऊक असे.

पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या लाल मातीत लढती, आणि मधल्या वेळात बदाम घोटून थंडाई. हा खुराक घरावर पडायचा. आमच्या म्हशीचं दूध-तूप सगळं माझ्याकडे यायचं. भावंडं कोरा चहा प्यायची. वस्ताद पोराचे खांदे बघत तसं घरचं रान किती तेही विचारत. माझ्यापेक्षा लहान पोरं मला खाली घ्यायला लागली, तेव्हा मातीच्या हौद्याच्या कडेला बसवून म्हणाले, "पोरा, तू जत्रेचा पैलवान हाईस, केसरीचा न्हाईस. बाच्या म्हशीवर आनि किती दिस?"

झोंबलं. पण त्या बोलण्यात पुढची वाटही होती. यात्रेच्या मैदानात नारळाच्या कुस्तीपासून मोठ्या इनामापर्यंत प्रत्येकाला जोड मिळे. अंग उतरलं की गावाकडं पोरांना खेळवायचं. खुद्द आंदळकरांनी मोतीबागेत आणि खंचनाळ्यांनी शाहूपुरीत पुढं वस्तादकी केली, त्यामुळं हौद्याच्या काठावर बसण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. गदेचा नाद सोडला तरी पैलवानाला कुस्ती सोडावी लागत नव्हती.

आता मॅट आली, महिन्याची फी आली. फी भरणाऱ्या पोराला 'थांब' म्हणणं शिकवणाऱ्याला परवडत नाही. माझ्या गावच्या तालमीत मी ते म्हणतो. मग पोराचा बाप भांडायला येतो. त्याला बसवून घेतो आणि खुराकाला किती गेले, घरात कुणाचं काय अडलं, याचा हिशोब त्याच्याच तोंडून मांडून घेतो.