शेंगदाणे, खजूर आणि गोखल्यांनी दिलेली पार्टी

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज आले ते इतिहासाबद्दल नाही, माझ्या डब्याबद्दल. बोलता बोलता मी सांगून गेले होते की गेले आठ महिने मी न शिजवलेलं खाते. फळं, कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्यं, भिजवलेले दाणे, ओलं खोबरं. त्यावर प्रश्न एकच, पन्नास तऱ्हांनी विचारलेला: "घरी ठीक आहे गं, पण लग्नात काय करतेस? गणपतीत? टीम लंचला?"

आता डाएटवर बोलणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत, मी त्यातली नाही. डॉक्टर तर नाहीच नाही, त्यामुळे हे खा आणि ते सोडा असलं काही मी सांगणार नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याचं एक फार सुंदर उत्तर आपल्याच पुण्यात सापडलं. १९१५ सालचं. डेक्कनहून बीएमसीसी रोडला चालत जाल इतक्या अंतरावरचं.

त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण पुण्यात "मी हे खात नाही" हे वाक्य कधीच साधं नव्हतं.

आपल्याकडे पंगत म्हणजे नुसतं जेवण नाही. कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोणी वाढलं, पाणी कोणी भरलं, या सगळ्यावरून माणसाची जागा ठरायची. आणि गंमत म्हणजे या व्यवस्थेत कच्चं आणि शिजवलेलं यांच्यात मोठी रेघ होती. शिजवलेल्या अन्नाला विटाळ लवकर लागतो, कच्च्याला लागत नाही, अशी समजूत. म्हणून शिधा. ज्याच्या हातचं चालत नाही त्याच्याकडून डाळ, तांदूळ, कणीक, तूप, मीठ घ्यायचं, स्वतः वेगळी चूल मांडायची आणि आपापलं शिजवून खायचं. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याचं सोवळं शाबूत. फळंसुद्धा त्याच बाजूची. आपण ज्याला फराळ म्हणतो तो शब्दच मुळात फलाहार.

शिजवलेलं सोडा, चहासुद्धा जड गेला होता या शहराला. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. जमलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी प्यायलं, कोणी नुसता कप हातात धरला. पुढे गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या नवऱ्याने, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावात आग लागली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, आणि १८९२ उजाडेपर्यंत पुण्यातले मोठमोठे लोक एका कपासाठी प्रायश्चित्ताच्या चर्चेत अडकले होते. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं, त्यावरून त्यांना सुधारकांनीच बोल लावले. इतिहासात याला पंचहौद ग्रामण्य म्हणतात.

हे सगळं का सांगतेय? माझ्या टीममधला एकजण आहे, मराठवाड्यातला. त्याची आजी एक गोष्ट नेहमी सांगायची. गावातले शाळामास्तर त्यांच्या घरी यायचे, ओट्यावर बसायचे, चांगलं बोलायचे, पोरांचा अभ्यास घ्यायचे. चहा ठेवला की म्हणायचे, "चहा नको, एखादं केळं असेल तर द्या." आजीला कळायचं. केळ्याला साल असते ना. तो हे सांगत होता तेव्हा आम्ही कँटीनमध्ये होतो आणि माझ्यापुढे डब्यात चिरलेली पपई होती. तो माझ्यावर काही बोलत नव्हता, आम्ही हसतच होतो. पण या राज्यात कुणाच्या घरी जाऊन "मला फक्त फळ चालेल" म्हणणं म्हणजे काय, हे त्या केळ्याने मला जेवढं सांगितलं तेवढं कुठल्याच पुस्तकाने नाही. माझं कारण वेगळं आहे हे मला माहीत असतं. समोरच्या आजीला ते कसं माहीत असणार?

आता १९१५ कडे येऊ.

गोपाळ कृष्ण गोखले आणि गांधी. त्याच्या आदल्या वर्षी, १९१४ मध्ये, दोघं लंडनमध्ये होते. गांधींना फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन छातीत दुखत होतं. आणि त्यांचं खाणं काय? शेंगदाणे, कच्ची-पिकी केळी, लिंबू, ऑलिव्ह तेल, टोमॅटो, द्राक्षं. दूध नाही, धान्य नाही, डाळी नाहीत. (हा आजच्या व्याख्येतला शंभर टक्के रॉ डाएट नाही. ते त्याला फलाहार म्हणत. पण पाहुणा म्हणून अडचण तीच.) डॉ. जीवराज मेहता उपचार करत होते आणि त्यांचं म्हणणं होतं, दूध आणि धान्य घ्या. गोखल्यांचंही तेच. गोखल्यांना या फळांच्या प्रकरणात काही तथ्य वाटत नव्हतं आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलं. गांधींनी एक दिवस मागून घेतला, रात्रभर विचार केला आणि दुधाला नाही म्हणाले. ज्यांना गुरू मानायचं त्यांनाच नकार. गोखले म्हणाले, मला हे पटत नाही, पण आता आग्रह करणार नाही. डॉक्टरांनाही सांगितलं, याला फार छळू नका.

आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचाच प्रकार आहे हो. "अजून एक पोळी, माझ्यासाठी." त्या संस्कृतीत वाढलेला माणूस आग्रह सोडतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

जानेवारी १९१५ मध्ये गांधी भारतात परतले आणि फेब्रुवारीत पुण्याला आले. मुक्काम सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत, म्हणजे गोखल्यांनी १९०५ मध्ये काढलेल्या भारत सेवक समाजात. गांधींना समाजात घ्यायचं की नाही, यावर तिथल्या सभासदांत एकमत होत नव्हतं. मतभेद खरे होते. गोखल्यांनी मात्र सांगून टाकलं की सभासद काहीही ठरवोत, तुमच्या आश्रमाचा खर्च माझ्याकडे.

गांधी पुढे शांतिनिकेतनला निघणार, त्याच्या आदल्या दिवशी गोखल्यांनी निवडक मित्रांना बोलावलं. निरोपाची पार्टी. आणि मेनू? शेंगदाणे, खजूर आणि त्या मोसमातली ताजी फळं. बस्स.

इथे जरा थांबा. गोखल्यांना हा आहार मान्य नव्हता. तरी गांधींसाठी वेगळी ताटली आणि बाकीच्यांना चिवडा-लाडू असं त्यांनी केलं नाही. सगळ्यांना तेच. समाजाच्या अतिथिगृहासमोरच्या मोकळ्या जागेत मंडळी जमली, दाणे-खजूर खात गप्पा मारायच्या एवढाच बेत. कोणाच्या ताटात काय आहे याकडे बघायचं कारणच उरलं नाही.

जागा गोखल्यांच्या खोलीपासून चार पावलांवर ठेवली होती, कारण ते फार आजारी होते. तेवढंही चालण्याची ताकद नव्हती. तरी हट्टाने आले. आले आणि बेशुद्ध पडले. त्यांना उचलून आत न्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी बाहेर निरोप पाठवला: पार्टी थांबवू नका. गांधींनी हा प्रसंग आत्मकथेत लिहिलाय, अगदी थोडक्यात. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले, वयाच्या ४८ व्या वर्षी. गांधींना तार शांतिनिकेतनात मिळाली आणि ते उलट पावली पुण्याला आले.

पाहुण्याशी वाद असू शकतो, त्याचं खाणं आपल्याला खुळचट वाटू शकतं आणि तरीही त्याला वेगळं पाडायचं नाही. हे त्या दाण्यांत होतं, असं मला वाटतं. पंचहौदचा चहा झाला तेव्हा हेच गोखले चोवीस वर्षांचे होते आणि फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. एका कपाने गाव कसं तुटतं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

आता हीच गोष्ट उलटी कशी होते ते बघा. महिन्याभरात गांधी कलकत्त्याला गेले. यजमान भूपेंद्रनाथ बसू, बडं घर. पाहुणा फलाहारी म्हटल्यावर कलकत्त्यात मिळतील तेवढी फळं आणि सुकामेवा मागवला गेला. आणि घरातल्या बायका रात्रभर जागून तो मेवा सोलत बसल्या. गांधींना प्रेम कळलं, पण दोन-तीन पाहुण्यांसाठी अख्खं घर राबतंय हे सहन होईना.

मला हा प्रसंग पार्टीइतकाच महत्त्वाचा वाटतो. रॉ फूडवाले हौसेने सांगतात, "स्वयंपाकच नाही, किती सोपं!" अहो, सोलणं, निवडणं, भिजत घालणं, किसणं, चिरणं हे कोण करतं? आठ माणसांची कोशिंबीर करून बघा. गॅस पेटला नाही म्हणून काम कमी झालं असं होत नाही. आणि बाहेर बैठकीत कौतुक कोणाचं होतं? त्या "साध्या" आहाराच्या पाहुण्याचं.

त्यातून गांधींनी जे केलं ते एकदम त्यांच्या स्टाइलचं. एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभमेळा होता. तिथे त्यांनी व्रत घेतलं: चोवीस तासांत पाचच पदार्थ, आणि अंधार पडल्यावर काही नाही. आजारी पडलो तर औषध पाचांत मोजायचं का, याचाही विचार केला आणि मोजायचं असं ठरवलं. पळवाटच नको. म्हणजे यजमानाने कितीही मांडलं तरी पाचापुढे गाडी जाणार नाही. बग यजमानाच्या घरात नव्हता, आपल्या रिक्वायरमेंटमध्ये होता, तो तिथेच फिक्स केला. (सॉरी, ऑफिसची सवय.)

कडक न शिजवलेल्याचा प्रयोग पुढे १९२९ मध्ये साबरमतीला झाला. मोड आलेले गहू, बदामाची पेस्ट, वाटलेला हिरवा पाला, लिंबं, मध. आगीवर फक्त पाणी ठेवायचं. आश्रमातले इतरही सामील झाले, 'यंग इंडिया'त लेख आले. ऑगस्टमध्ये गांधींना आमांश झाला आणि प्रयोग बंद. ज्या पेपरात जाहीर केला होता त्यातच बंद केल्याचंही लिहिलं. हे आजच्या इन्फ्लुएन्सर लोकांना जमेल का, देव जाणे.

बरं, मग मी काय करते? लग्नात जेवूनच जाते, पण पंगतीत बसते. ताट पुढे घेते, काकडीची कोशिंबीर, लिंबू, असेल ते फळ. शेजारच्याशी बोलते. पाच मिनिटांत कोणी ताटाकडे बघत नाही, सगळ्यांचं लक्ष मठ्ठ्याकडे असतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला भिजवलेले हरभरे हक्काचे. कोणाच्या घरी पहिल्यांदा जायचं असेल तर दोन दिवस आधी फोन करून कारण सांगते, दारात सांगत नाही. आणि निवडण-चिरणाला आधी स्वयंपाकघरात जाते. त्या टीममेटच्या घरी गेले तेव्हा त्याची आई शेतातल्या शेंगा घेऊन बसली होती. ओल्या शेंगा. आम्ही चौघांनी मिळून सोलल्या आणि तिथेच खाल्ल्या. शेवटी सालांचा ढीग कोणाचा मोठा यावर भांडण झालं.

पुढच्या भागात शिध्याचाच धागा पकडून पेशवाईतल्या रमण्याबद्दल बोलू, पर्वतीच्या पायथ्याशी वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेबद्दल. ऐकत राहा.