गिरणगावातले गाणे : तिकीट आणि वर्गणी

माउली, वारीत चालताना गाणे ऐकायला पैसे मोजावे लागतात, हे तुमच्या मनातही येत नाही. टाळ हाती आला की गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा भेद तिथे उरत नाही. पण तोच माणूस पोटासाठी मुंबईला गेला म्हणजे काय होते? तिथे पाठ टेकायच्या जागेलाही भाडे पडते. मग गाणे त्याच्या वाट्याला कसे यावे? सातारा, पुणे, रत्नागिरीकडची जी माणसे गिरण्यांत कामाला गेली, त्यांच्यापुढे हा प्रश्न उभा होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे आपण वारकऱ्यांनी तरी जाणून घ्यायला हवे, कारण त्यातली बरीचशी रीत आपल्याच घरची आहे.

मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची सुरुवात 1854 साली ताडदेवला झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी असा सारा भाग गिरण्यांनी भरला आणि त्याला गिरणगाव हेच नाव पडले. घाटावरचा आणि कोकणातला गडी यायचा तो एकटा. बायको-मुले गावी. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, तिला गाळा म्हणायचे. तिथे प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर येऊन आडवा व्हायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. पगार झाला की खानावळ द्यायची, गावी मनिऑर्डर करायची, वाण्याचे आणि सावकाराचे भागवायचे. उरले त्यात काय ते बाकीचे जगणे.

त्याच काळात गाणे त्या शहरात भरपूर होते, पण ते बंद दारांआड होते. संस्थानिकांच्या दरबारात, शेटजींच्या दिवाणखान्यात, गिरगाव-काळबादेवीकडच्या बैठकींत. तिथे बोलावणे असलेला जायचा. पैसे नसल्याने अडत होते असे नव्हे, ओळख नसल्याने अडत होते. म्हणून पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी जे केले त्याचे मोल मोठे आहे. 1872 साली कुरुंदवाडला जन्मलेले हे गृहस्थ कीर्तनकाराचे चिरंजीव. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले, बाहेर पडले आणि तिकीट लावून जाहीर जलसे करू लागले. तेव्हाच्या काही जाणकारांना हे हलके वाटले असेल, पण विचार करा : जो कोणी काही आणे देईल त्याला आत घ्यायचे, त्याची जात, ओळख, हुद्दा काही विचारायचे नाही. बंद दार तिकिटाने उघडले. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि 1908 मध्ये मुंबईला आणले. तिथे कर्ज काढून इमारत उभी केली. ते कर्ज काही फिटले नाही आणि 1924 मध्ये इमारतीचा लिलाव झाला. पुढे पंडितजी नाशिकला रामनामात रमले. त्यांचेच शिष्य बी. आर. देवधर यांनी 1925 साली मुंबईत संगीतशाळा काढली. त्यांनी भरवलेल्या 1936 च्या संगीत परिषदेत, जिना हॉलमध्ये, अकरा वर्षांचा कुमार गंधर्व गायला.

तिकिटाने मध्यमवर्गाची सोय झाली. गिरणी कामगाराची फारशी झाली नाही. चार आणे म्हणजे त्याला एका वेळचे जेवण वाटे, आणि जलशाची वेळ त्याच्या पाळीशी जुळेलच असे नाही. अंगावरच्या कपड्यांचा संकोच होताच. त्याने तिसरी वाट धरली, ती वर्गणीची. आणि ही वाट त्याला कुणा पुढाऱ्याने दाखवायची गरज नव्हती. गावी देवळाचा सप्ताह कसा उभा राहतो, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. ज्याला जमेल तसे त्याने द्यावे आणि ऐकायला मात्र सगळ्यांनी यावे. न देणाऱ्यालाही कोणी उठवत नाही. तिकिटात आणि वर्गणीत हाच तर फरक आहे.

मग गाळ्यागाळ्यांत भजनी मंडळे उभी राहिली. पेटी, पखवाज, टाळांचे जोड सामाईक पैशातून घ्यायचे आणि खुंटीला टांगून ठेवायचे. दिवसभर साच्यांचा खडखडाट कानात घेतलेला माणूस संध्याकाळी अंग धुऊन चटईवर बसायचा. नामाचा गजर, रूपाचा अभंग, मग गौळण, शेवटी भैरवी. क्रम गावचाच. अखंड हरिनाम सप्ताहाला तर गिरणीच्या पाळ्यांची फार सोय झाली, हे गमतीचे आहे. गावात रात्री दोनचा वीणेचा पहारा घ्यायला माणूस शोधावा लागतो. इथे दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्रीनंतर सुटून आला की जागाच असायचा. भोंग्यावर चालणारे शहर वीणा खाली ठेवू देत नव्हते!

याच मंडळांतून कोकणी मंडळींची डबलबारी रंगली. दोन बुवा, दोन मंडळे, समोरासमोर. एकाने बारी संपवताना पुराणातला पेच टाकायचा, दुसऱ्याने गाऊन सोडवायचा आणि आपला पेच टाकायचा. रात्र सरते, रस्त्यात बसलेली माणसे हलत नाहीत. नाट्यपदांच्या आणि सिनेमाच्या चाली त्यात येतात म्हणून आपल्यातले काही जाणते नाक मुरडतात. एकमेकांना टोमणे मारण्यात कधी देव बाजूला राहतो, ही तक्रार मला मान्य आहे. चालींबद्दलची मात्र नाही. ज्याला नाटकाचे तिकीट परवडत नव्हते, त्याने नाटकाची चाल विठ्ठलाच्या नावाने आपल्या गल्लीत आणली, यात वाईट काय झाले?

गणेशोत्सवाने हीच रीत शहरभर नेली. 1893 साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, आणि पुढे मेळे, भजने, गाण्याच्या बैठकी यांची गर्दी झाली. मोठा गवई चाळीच्या चौकात बसून गातो आणि वरच्या गॅलरीतून पोरेबाळे, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया ऐकताहेत, हे दृश्य मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. तिकिटाच्या सभागृहात या बायांना कोण नेणार होते?

तिकीट गिरणगावात नव्हतेच असे नाही. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने परळला 1922 मध्ये दामोदर हॉल उभारला तो कामगारांसाठीच, आणि तिथे कामगारांनी स्वतः नाटके केली. लालबागचे हनुमान थिएटर तमाशाने गाजले.

इथे थोडे आपल्या अंगणात पाहू. कीर्तन जिथे करावे तिथले अन्नही घेऊ नये, असा तुकोबांचा दंडक आपण सगळे सांगतो. आज सप्ताहाची बैठक बसते तेव्हा पहिला तास कशात जातो, हे तुम्हीही जाणता. अमुक महाराजांची बिदागी किती, गाडीचे किती, मंडपाचे किती, ध्वनियंत्रणेचे किती. वर्गणी देऊ शकणारा पुढच्या खुर्चीवर आणि न देणारा मागे उभा, असे झाले तर मग ते तिकीटच झाले, फक्त छापलेले नाही. गिरणी कामगारांच्या मंडळांत बुवा बहुधा स्वतःच साच्यावर काम करणारा असे. त्याला मिळायचा तो नारळ, आणि पुढच्या बारीचे आमंत्रण.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, तिथे मॉल आणि मनोरे आले. माणसे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे पांगली, कित्येक गावी परतली. गाळे रिकामे झाले तशी खुंटीवरची वाद्ये कुणी गावच्या देवळात नेली, कुणी विकली. मनोऱ्यांखालच्या सभागृहांत आजही गाणे होते आणि चांगले होते. मात्र दाराशी पहारेकरी असतो आणि तो नाव विचारतो. बंद दिवाणखाना काचेचा होऊन परत आला, असे मला वाटते.

तरी गाणे संपलेले नाही. काळा घोडा उत्सवात 1999 पासून मोकळ्या जागेत विनामूल्य गाणे होते, कधी मुंबईस गेलात तर ऐका. त्याहून जवळचे म्हणजे लोकलमधले भजन. लांबच्या उपनगरातून सकाळच्या गाडीने कामावर जाणारी मंडळी ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या कोपऱ्यात जमतात. पिशवीतून टाळ निघतात, पखवाज नसला तर डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतात. झोपमोड होते म्हणून कुरकुरणारे प्रवासी असतात, आणि त्यांचेही अगदीच खोटे नाही. मंडळांनी आवाज आवरावा. पण जागा मिळाली तर शेजारी उभे राहा. कोणी वर्गणी मागणार नाही, फार तर टाळ पुढे करतील.

आषाढीला पंढरपूर ज्यांना गाठता येत नाही, ते वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात जातात. मुंबईच्या कानाकोपऱ्यातून दिंड्या तिथे येतात, आणि दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सगळ्या दिंड्यांचे भजन ऐकू येते. रांग लांब असते, म्हणून पहाटेच निघा.