परवानग्या बरोबर, तरी 'परमिशन डिनाइड'? लिनक्सवर सर्व्हिस सुरू न होण्यामागे एसईलिनक्स आहे का, हे कसं ओळखायचं?

कॉन्फिगरेशन फाइलमध्ये चूक नाही, कमांडही रूट युजरनंच दिली. तरी अपाची वेब सर्व्हर सुरू होत नाही आणि 'परमिशन डिनाइड' असा मेसेज येतो. रूटला तर सगळे अधिकार असतात, मग अडवलं कुणी? रेड हॅट, फेडोरा, रॉकी लिनक्स अशा सिस्टिमवर यामागे बरेचदा एसईलिनक्स असतं.

एसईलिनक्स म्हणजे काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं, म्हणजे एनएसएनं, २००० मध्ये ही यंत्रणा सर्वांसाठी खुली केली. २००३ मध्ये ती लिनक्स कर्नलमध्ये आली. नेहमीच्या परवानग्या फाइल कुणाची आहे ते पाहतात. एसईलिनक्स मात्र प्रत्येक प्रोसेस, फाइल आणि पोर्टला लेबल लावतं. कोणत्या लेबलच्या प्रोसेसनं कशाला हात लावायचा, हे पॉलिसीत ठरलेलं असतं. पॉलिसीत नसेल, तर रूटनं सुरू केलेल्या सर्व्हिसलाही नकार मिळतो.

उदाहरणार्थ, अपाचीला ८० आणि ४४३ हे पोर्ट चालतात. ते बदलून ८२ केलं, की सर्व्हिस अडते.

तपास कसा करायचा?

१. 'गेटएनफोर्स' कमांड द्या. उत्तर 'एनफोर्सिंग' आलं तर पॉलिसी लागू आहे. 'परमिसिव्ह'मध्ये फक्त नोंद होते, अडवणूक होत नाही. तसं असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

२. 'ऑसर्च' कमांडनं ऑडिट लॉगमधल्या ताज्या 'एव्हीसी' नोंदी पाहा. कोणत्या प्रोसेसला, काय करताना, कोणत्या लेबलपाशी अडवलं, हे तिथे दिसतं.

३. अडचण पोर्टची असेल, तर 'एसईमॅनेज'नं तो पोर्ट वेब सर्व्हरच्या यादीत जोडा. अडचण फाइलची असेल, तर लेबल तपासा. होम फोल्डरमधून 'मूव्ह' केलेली सर्टिफिकेटची फाइल जुनंच लेबल घेऊन येते. 'रिस्टोरकॉन' ते दुरुस्त करतं.

एसईलिनक्स बंदच केलं तर?

इंटरनेटवर हा सल्ला सर्रास मिळतो. खात्री करण्यापुरतं थोडा वेळ 'परमिसिव्ह' ठेवणं ठीक. पण कायमचं बंद केलं आणि उद्या वेबसाइटमधल्या त्रुटीतून कुणी आत शिरलं, तर त्याला बाकीच्या सर्व्हरपासून रोखणारं एक कुंपण आपणच काढलेलं असेल.

उबंटूवर हेच काम अ‍ॅपआर्मर करतं. तिथे लेबलऐवजी फाइलचा पाथ पाहिला जातो, पण तपासाची सुरुवात तिथेही लॉगपासूनच करायची.