लिव्हरपूलच्या बाजारातला ‘उमरा’

इंग्रजीतला ‘कॉटन’ हा शब्द मूळचा अरबी, ‘कुत्न’. स्पॅनिशमध्ये तर तो ‘अल्’सकट गेला आणि ‘अल्गोदोन’ झाला. अरबांनी कापसाची शेती स्पेन-सिसिलीपर्यंत नेली, तिच्याबरोबर शब्दही गेला. आपल्याकडे हे अभिमानाने सांगितलं जातं, सांगावंही. मला मात्र आमच्या वऱ्हाडातून बाहेर गेलेला एक शब्द जास्त अस्वस्थ करतो. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ नावाचा आखूड धाग्याचा कापूस विकला जायचा. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. (हज-उमऱ्याशी त्याचा संबंध नाही.)

1853 साली डलहौसीने निजामाकडून वऱ्हाड प्रांत घेतला. कारण होतं हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी. फौजेवर हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, बिल मात्र निजामाच्या नावावर. इंग्रजांची नजर थकबाकीपेक्षा इथल्या काळ्या जमिनीवर होती, असं मला वाटतं.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि आपल्याकडे कापसाचा भाव भडकला. 1865 मध्ये युद्ध संपताच तो कोसळला, मुंबईतले भलेभले सट्टेवाले बुडाले. भुसावळहून अकोला, बडनेरा करत नागपूरला जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला 1867 मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर. तरी पेरा वाढतच गेला. 1870 मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले.

एवढा खटाटोप फक्त कापूस बाहेर नेण्यासाठी नव्हता. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नाक यांनी सरकारी अहवालातच हिशेब मांडला होता : कापसाच्या मुलखात रेल्वेने विलायती कापड इतकं स्वस्त आणता येईल की हातमाग टिकणार नाही, आणि सूतकताई-विणकामातली माणसं शेतमजुरीला मोकळी होतील. कोष्टी, महार, मोमीन यांचे माग बंद पडावेत, हा त्या योजनेचा हेतूच होता. ‘यंत्रयुगात हातमाग आपोआप मागे पडला’ असं शाळेत शिकलेल्यांनी हा अहवाल एकदा वाचावा.

ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली होती आणि मागाची जोडकमाई आटत गेली होती. 1899-1900 चा दुष्काळ पडला तेव्हा वऱ्हाड हा कापसाचा नामांकित मुलूख होता, आणि तिथली माणसं भुकेने मेली.

रुई काढायला जिन आले, गाठी बांधायला प्रेस आले. गावात कापसाचं एक जुनं काम तेवढं उरलं, पिंजाऱ्याचं. पिंजारी समाजातले काहीजण ‘नद्दाफ’ आडनाव लावतात. तोही अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. माझ्या लहानपणी अकोल्यात दिवाळीआधी गाद्या भरायला पिंजारी दारोदार यायचे. धनुकलीच्या तातीचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. आता घरोघरी फोमच्या गाद्या आहेत.