सेहता : एका खनिजाची तीन भाषांतरे

जयपुरी मीनाकामावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना मी ज्या शब्दाशी अडले, तो इंग्रजी नव्हताच. राजस्थानात खेतडी आणि बबाईच्या तांब्याच्या खाणींत पाटीच्या दगडात बारीक करडे, चमकदार कण सापडत. दगड कुटून धुतला की हलका दगड पाण्याबरोबर वाहून जाई आणि जड कण तळाशी राहत. तळाची ही पूड मीनाकार काचेत मिसळत आणि तिच्यापासून मोराच्या मानेचा निळा उतरे. पुडीचे नाव ‘सेहता’.

भिलाईत शब्द अडला तर विचारायला शेजारी कमी नाहीत. तेलुगू, बंगाली, मल्याळी, छत्तीसगढी, सगळे एका सेक्टरात. सेहता कोणालाच ठाऊक नव्हता. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका तेवढे म्हणाले, “कोबाल्टचं खनिज असणार. त्यात आर्सेनिक असेल. आम्हाला लोखंडात ते कणभरही नको असायचं.”

आर्सेनिक म्हटले की मराठीला शब्दांची चणचण नाही. सोमल आहे, हरताळ आहे, मनशीळ आहे. सोमल म्हणजे आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांचे पांढरे संयुग, ज्याला इथले हिंदी शेजारी संखिया म्हणतात. पिवळा हरताळ आणि तांबडी मनशीळ ही गंधकाबरोबरची संयुगे. आपल्या रसशास्त्राने त्यांची प्रतवारीही केली होती. ‘रसरत्नसमुच्चया’त हरताळ आणि मनशीळ उपरसांत बसतात, तर पांढरा गौरीपाषाण साधारण रसांत. मूलद्रव्य एकच आहे याची कल्पना नसताना केलेले हे वर्गीकरण आहे, पण गंधकवाले एकीकडे आणि बिनगंधकाचा दुसरीकडे ही विभागणी आजच्या रसायनशास्त्रालाही मान्य व्हावी. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप देत, म्हणून आपण अजून एखाद्याच्या कष्टांवर ‘हरताळ फासतो’. (संपाचा हरताळ निराळा. तो बाजाराच्या कुलपातून आला.)

मात्र धातू आणि आर्सेनिक यांनी थेट मांडलेल्या संसाराला, म्हणजे आर्सेनाइडला, आपल्याकडे घरचा शब्द नाही. खनिजशास्त्रातही या मंडळींना स्वतंत्र घर नाही. ती सल्फाइडांच्याच वाड्यात बिऱ्हाडकरू म्हणून राहतात. गंधकाची जागा आर्सेनिकने घेतली की आर्सेनाइड, दोघे शेजारी बसले की सल्फार्सेनाइड. सगळी बहुधा जड, अपारदर्शक आणि धातूसारखी चकाकणारी. नुसते पाहून एकाला दुसऱ्यापासून ओळखणे कठीण.

सेहत्याचे झाले ते असे. 1846 मध्ये मिडलटन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने राजपुतान्यातून आलेल्या नमुन्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा की हे कोबाल्ट आणि गंधक यांचे साधे संयुग आहे. आर्सेनिकचा उल्लेख नाही. जवाहिरे त्याने सोन्याला गुलाबी छटा आणतात, अशीही नोंद पुस्तकांत शिरली. जयपूरवरून खनिजाला नाव मिळाले, पण ते देताना कोणाच्या तरी हातून ‘ज’चा ‘स’ झाला आणि खनिजशास्त्राच्या ग्रंथांत ‘स्येपूराइट’ छापले गेले. नकाशावर स्येपूर नावाचे गाव शोधणाऱ्या वाचकाची मला दया येते. मुद्रितशोधनात अशा चुका मीही केल्या आहेत, फक्त त्या खनिज होऊन बसल्या नाहीत.

दुसरे भाषांतर 1873 चे. मेजर रॉस तोफखान्यातला अधिकारी आणि फुंकनळीचा नादिष्ट. फुंकनळी म्हणजे ज्योतीत हवा फुंकून चिमूटभर खनिज तापवायचे साधन. टाकणखाराच्या मण्यात कोबाल्ट विरघळले की मणी निळा होतो आणि आर्सेनिक असले तर लसणासारखा वास सुटतो. रॉसने रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात ‘जेयपूराइट’वर टिपण लिहिले आणि त्याला गंधक व अँटिमनीयुक्त कोबाल्ट आर्सेनाइड म्हटले. सत्तावीस वर्षांत पुडीला आर्सेनिकही मिळाले आणि वर अँटिमनीही.

तिसरा फ्रेडरिक मॅलेट, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा. 1881 मध्ये सर्वेक्षणाच्या नियतकालिकात त्याने खेतडीच्या खनिजांवर लिहिले. सेहता ही एक वस्तू नाहीच, त्यात दोन खनिजांचे कण आहेत, हे त्याने दाखवले : कोबाल्टाइट आणि डॅनाइट. कोबाल्टाइट म्हणजे कोबाल्ट, आर्सेनिक आणि गंधक. डॅनाइट म्हणजे लोखंडाचे आर्सेनोपायराइट, ज्यात काही लोखंडाच्या जागी कोबाल्ट शिरलेले असते. ज्या डॅनावरून ते नाव आले, तो खनिजकोशाचा प्रसिद्ध कर्ता जेम्स ड्वाइट डॅना नव्हे, जेम्स फ्रीमन डॅना नावाचा दुसराच रसायनज्ञ. आज डॅनाइटला स्वतंत्र खनिजाचा मान नाही, ते आर्सेनोपायराइटचा एक प्रकार मानले जाते. आणि ‘जयपूराइट’ हे नाव मॅलेटनंतर संशयाच्या सावलीतच राहिले.

कोबाल्टाइटचा स्वभावही फसवा. चांदीसारखा पांढरा, किंचित तांबूस झाक, काठिण्य साडेपाच, पाण्याच्या सव्वासहापट जड. त्याचे स्फटिक घनाकार दिसतात, वर पायराइटसारख्या रेघा. पण आतली अणूंची रचना घन प्रणालीतली नाही. आर्सेनिक आणि गंधक ठरावीक क्रमाने बसल्यामुळे तिची सममिती उतरते आणि ते समचतुर्भुज प्रणालीत, म्हणजे ऑर्थोऱ्होंबिकमध्ये जाते. बाहेरून एक आणि आतून दुसरे. जर्मन खाणकामगारांना हा अनुभव शतकांपूर्वी आला होता. चांदीसारखे दिसणारे हे दगड भट्टीत घातले की चांदी मिळत नसे, विषारी धूर मात्र निघे. त्यांनी ते खाणीतल्या भुताच्या, कोबोल्डच्या, माथी मारले. स्वीडनच्या गेओर्ग ब्रांटने 1735 च्या सुमारास त्यातून नवा धातू वेगळा ओळखला, तरी नाव भुताचेच राहिले.

जयपूरचा निळाही त्याच धुरातून येतो. खनिज तापले की आर्सेनिक आणि गंधक उडून जातात, मागे राहिलेला कोबाल्टचा ऑक्साइड काचेला रंगवतो. मीनाकारांवर जेकब आणि हेंडली यांनी 1886 मध्ये ‘जेपोर एनॅमल्स’ हे देखणे पुस्तक काढले. दागिना पाहताना त्या धुराची आठवण कोणाला होत नाही. मलाही झाली नसती, पण इथून शंभर किलोमीटरच्या आत कौडीकसा आहे.

कौडीकसा अंबागड चौकीजवळचे गाव, गडचिरोलीच्या हद्दीपासून फार लांब नाही. अंबागड चौकीजवळून वाहत येणारी शिवनाथ पुढे आमच्या दुर्गला येते. 1999 मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या चमूने ‘करंट सायन्स’मध्ये इथल्या भूजलातले आर्सेनिक आणि लोकांचे हाल नोंदवले. तळहात-तळपाय जाड आणि खरबरीत होणे, अंगावर काळे-पांढरे डाग. बंगालमध्ये हे विष नद्यांनी आणलेल्या गाळातून येते. इथे ते डोंगरगड–कोटरी पट्ट्याच्या जुन्या खडकांतून येते. नमुना तोच, मिडलटनच्या पुडीचा : आर्सेनिक असूनही दिसत नाही. पाण्यात त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि हातपंपाच्या तोंडाशी कोणी फुंकनळी धरून बसत नाही. स्वच्छ म्हणून खोदलेल्या पंपाचे पाणी लोक विश्वासाने पीत होते.

त्या निबंधाच्या शीर्षकात गावाचा पत्ता राजनांदगाव जिल्हा, मध्य प्रदेश असा आहे. पुढच्याच वर्षी छत्तीसगड झाले आणि 2022 मध्ये मोहला–मानपूर–अंबागड चौकी हा वेगळा जिल्हा. जुना निबंध शोधायचा तर जुना पत्ता माहीत हवा. नावे बदलली की कागद हरवतात, हे स्येपूराइटने शिकवले होतेच.

भाषांतरात मी ‘सेहता’ तसाच ठेवला. ‘जयपूराइट’ लिहिण्याचा मोह आवरला, कारण ते नाव दुसऱ्यांच्या चुकांचे. पहिल्या उल्लेखापाशी ‘कोबाल्टाची, आर्सेनिकयुक्त पूड’ एवढे जोडले. संपादकांचा फोन आला : दागिन्यांच्या लेखात विष कशाला, ‘निळी पूड’ म्हटले तर चालणार नाही का? मी सांगितले, पूड निळी नसते, करडी असते. ‘आर्सेनिकयुक्त’ही राहू द्या.