हिगांतेस उत्सव

फिलिपीन्सच्या रिझाल प्रांतातील आंगोनो या गावाचा वार्षिक उत्सव. लागुना दे बाय सरोवराकाठच्या या गावी मच्छीमारांचा कैवारी संत क्लेमेंट याचा सण २३ नोव्हेंबरला असतो. त्या सुमारास कागदाच्या लगद्याचे प्रचंड पुतळे, म्हणजेच हिगांते, रस्त्यावर उतरतात. पुतळ्याची उंची साधारण १० ते १२ फूट. बांबूचा हलका सांगाडा, त्यावर रंगीत कापडाचा घोळदार पोशाख आणि वर रंगवलेले भलेमोठे डोके. आत शिरलेला माणूस तो खांद्यावर पेलत, गिरक्या घेत चालतो. परंपरा सांगते, की स्पॅनिश राजवटीत येथील कुळांनी जमीनदारांची थट्टा करण्यासाठी असे पुतळे घडवले. कमरेवर हात ठेवलेली ऐट त्याचीच खूण मानतात. कष्टकऱ्यांच्या या निर्भय कल्पकतेला दाद द्यायलाच हवी. संताची मूर्ती नावेतून सरोवरात नेतात. मिरवणुकीत लाकडी वल्ही घेतलेल्या मुली नाचतात आणि बघ्यांवर पाण्याचा मारा होतो; पाहुण्याने भिजायच्या तयारीनेच जावे. चित्रकार बोतोंग फ्रान्सिस्को आणि संगीतकार लुसिओ सान पेद्रो हे फिलिपीन्सचे दोन ‘राष्ट्रीय कलावंत’ आंगोनोचेच.